भाकरी वाढवू की पोट सपाट ठेवू?

"सर, नमस्कार. मी बेळगावजवळच्या पिरनवाडीचा. वय २४, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६४ किलो. उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, दर तिसऱ्या आठवड्याला रातपाळी असते. दोन वर्षं जिमला जातोय, आठवड्याचे सहा दिवस. स्क्वॉट ११०, बेंच ७०, डेडलिफ्ट १४० किलो. गेले चार महिने हे आकडे जागचे हललेले नाहीत. दिवाळीनंतर जिल्हा पातळीवर पॉवरलिफ्टिंगला उतरायचा विचार आहे. ट्रेनर म्हणतात, मिळेल ते खा, चार महिन्यांत ७६ किलो हो, चरबी मागाहून काढू. गल्लीतल्या तालमीचे वस्ताद म्हणतात, दूध-तूप-बदाम लाव, अंगावर मांस नसलं तर ताकद कुठनं येणार. मला मात्र पोट सुटायला नको आहे. सिक्स पॅक दिसावेत म्हणून वर्षभर रात्रीचं जेवण निम्मं केलंय. शिवाय मामांना चाळिशीत शुगर लागली, तेही बघितलंय. घर माळकरी, अंडं-मटण घरात येत नाही. आई रोज म्हणते, 'दोन भाकरी खाईनास आणि लोखंड उचलूलालास होय रे?' वजन वाढवू की असाच सडपातळ राहू? आणि ६६ किलोच्या गटात खेळू की ७४ च्या?"

— पिरनवाडीचा एक वाचक

यंदा ६६ मध्ये खेळ आणि उद्यापासून रात्रीची एक भाकरी वाढव. घाई असेल तर इथंच थांबलास तरी चालेल. कारणं ऐकायची असतील तर बस, कारण ती जरा लांबची आहेत.

तुला सल्ला देणारी माणसं खोटं बोलत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या खेळाचं बोलतोय, एवढंच. वस्तादांचं बघ. जत्रेच्या मैदानात वजनकाटा कोण ठेवतो? दोन गडी शेजारी उभे करायचे, खांदा-मान-मांडी बघायची आणि जोड लावायची. तिथं समोरचा तुझ्यापेक्षा दहा किलोनं जड निघाला तर ते दहा किलो तुझ्या मानेवरच बसतात. म्हणून तालमीत वजनाला मान आहे, आणि आपल्या भागात तर तो पिढ्यानपिढ्या चालत आलाय. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. आनंदवाडीच्या आखाड्याभोवती उभं राहून ज्यांनी लहानपणी कुस्त्या बघितल्या, त्यांना 'ताकद' म्हटलं की डोळ्यापुढं भरलेलं अंगच येतं. माझ्याही येतं.

पण तो खुराक कशावर जिरत होता तेही बघायला हवं. पहाटे चारला उठून शेकड्यानं जोर-बैठका, मग माती उकरणं, मग लढती, संध्याकाळी पुन्हा तेच. त्या अंगाला थंडाई आणि वाटीभर तूप कुठल्या कुठं जायचं. मेहनत सुटली आणि खुराक तेवढा चालू राहिला, अशा जुन्या पैलवानांची पोटं तूही गल्लीत बघितली असशील. वस्तादांना नमस्कार कर, जमलं तर त्यांच्याकडून मान आणि कंबर घट्ट करायचे चार व्यायाम शिकून घे. तुपाच्या वाटीला मात्र 'पुढच्या वेळी' म्हण.

ट्रेनरचा खेळ स्टेजवरचा. बेळगावात शरीरसौष्ठव स्पर्धांना गर्दी कशी होते हे तुला मी सांगायला नको. त्या खेळात भरपूर खाऊन फुगायचं, मग दोन-तीन महिने उपाशी राहून वाळवायचं, आणि एका रात्री दिव्याखाली शिरा दाखवायच्या, अशी रीत आहे. तिथं परीक्षा त्या एका रात्रीची असते, त्यामुळं त्यांना ते परवडतं. तुझी परीक्षा बारवर आहे, स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट मिळून किती किलो उचललेस एवढीच.

तुझ्या खेळात गट ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचे पुरुषांचे गट ५९, ६६, ७४, ८३, ९३, १०५, १२० आणि त्यापुढचा खुला. तुझी गाठ तुझ्याच वजनाच्या माणसाशी पडते. मग अंगावरच्या प्रत्येक किलोला विचारायला लागतं, 'बाबा, तू उचलतोस की नुसता बसून खातोस?' मांस उचलतं, चरबी बसून खाते. थोडी चरबी लागतेच, ती का ते पुढं सांगतो.

आता ताकद येते कुठून? विहिरीच्या सोलाचं, म्हणजे जाड दोराचं, उदाहरण घे. सोल किती पेलेल हे त्याच्या जाडीवर ठरतं, लांबीवर नाही. स्नायूचंही तसंच, आडवा छेद जेवढा मोठा तेवढी ओढ जास्त. पण सोल जाड होतो तसा जडही होतो. सगळ्या बाजूंनी दुप्पट असलेल्या माणसाची कल्पना कर. त्याच्या स्नायूंचा छेद चौपट होईल, वजन आठपट. म्हणून मोठा माणूस एकूण जास्त उचलतो आणि लहान माणूस स्वतःच्या वजनाच्या मानानं जास्त उचलतो. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूनं १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलोच्या गटात क्लीन अँड जर्कला, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या प्रकारात, १९० किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाचा लाशा तालाखाड्झे १७० किलोच्या वरचा माणूस. त्यानं २०२१ मध्ये ताश्कंदला २६७ किलो उचलले, म्हणजे दीडपटीच्या आसपास. आकडा लाशाचा मोठा, पट नईमची मोठी. आपल्या मीराबाई चानूचं टोकियोतलं रौप्य ४९ किलोच्या गटातलं, आणि त्या दिवशी तिनं जर्कला ११५ किलो उचलले होते. हे बघून 'सडपातळ राहूनच ताकद वाढते' असं म्हणावंसं वाटेल. थांब. ४९ च्या गटातली मीराबाई त्या गटात मावेल तेवढं मांस अंगावर भरून उतरलेली असते. उंची कमी, अंग गच्च. तू ५ फूट ७ इंच उंचीवर ६४ किलो आहेस. तुझ्या सांगाड्यावर अजून बरीच जागा रिकामी आहे.

जाडीखेरीज दुसरी गोष्ट म्हणजे मज्जासंस्थेची सवय. असलेल्या स्नायूतले किती तंतू एका वेळी कामाला लावायचे हे मेंदू हळूहळू शिकतो. नवा पोरगा जिमला आला की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत अंग तेवढंच दिसतं आणि आकडे मात्र भराभर चढतात, ते यामुळं. तुझंही पहिल्या वर्षी असंच झालं असणार. तो फुकटचा भाग आता संपत आलाय. पुढं जायला नवं मांस लागणार, आणि नवं मांस निम्म्या जेवणावर येत नाही.

म्हणजे चार महिने आकडे का अडकलेत ते तुझ्या पत्रातच लिहिलेलं आहे. भट्टीजवळ आठ तास घाम, मग जिम, तेही सहा दिवस, वर रात्रीचं निम्मं जेवण, आणि महिन्यातून आठवडाभर झोपेचं खोबरं. तुझं शरीर रोज खर्च भागवून रिकामं होतंय. शिल्लक पडली तर ते बांधणार ना? आईनं हे एका वाक्यात ओळखलं. तुझ्या ट्रेनरला ते का दिसलं नाही याचं मला नवल वाटतं.

पण आई बरोबर म्हणून ट्रेनरचे ७६ किलोही बरोबर, असं नाही. इथं माझी फजिती सांगतो.

मी सत्तावीसचा असताना ६७ किलोचा होतो, स्क्वॉट १३०. मलाही एकानं हाच मंत्र दिला होता, खा आणि मोठा हो. दसऱ्याला सुरुवात केली. रोज दोन लिटर म्हशीचं दूध, डब्यातून आणलेली मास गेनर पावडर, आणि कुंदा. बेळगावात राहून वजन वाढवायचं म्हटल्यावर कुंद्याला नाही कोण म्हणणार! होळीपर्यंत ८३ किलो झालो. स्क्वॉट १५० गेला, छाती फुगवून हिंडत होतो. मी तेव्हा दर रविवारी राजहंसगड चढायचो. त्या उन्हाळ्यात येळ्ळूरच्या बाजूनं निम्म्या वाटेवर दोनदा बसलो. तिसऱ्यांदा एका आजोबांनी पाणी दिलं आणि विचारलं, "काय बाळ, डॉक्टरला दाखवलास काय?" कंबर ३० इंचावरून ३७ वर गेली होती. मग उतरवायला लागलो. नऊ महिने लागले. ७२ वर आलो तेव्हा स्क्वॉट १४० राहिला होता. म्हणजे सोळा किलो चढवले, त्यातले पाच कामाचे निघाले, आणि बाकी अकरा आधी जमवायला पैसे गेले आणि मग उतरवायला नऊ महिने गेले. तेच पाच किलो मी सावकाश, राजहंसगड न सोडता कमावू शकलो असतो.

कारण शरीराची बांधकामाची चाल ठरलेली आहे. गवंडी दोन आणि विटांचे ट्रक दहा, असं केलं तर घर लवकर होत नाही, रस्त्यावर ढीग पडतो. तो ढीग म्हणजे पोट. दोन वर्षं मेहनत केलेल्या माणसानं आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढवावं, हा अंदाज बहुतेक जाणकार देतात. तुझ्या ६४ किलोवर ते होतात १६० ते ३२० ग्रॅम. महिन्याला एक किलो म्हणजे झालं. त्यासाठी दिवसाला तीनशे कॅलरीच्या आसपास जास्त लागतात, आणि तीनशे म्हणजे किती? एक ज्वारीची भाकरी आणि एक मध्यम रताळं. किंवा मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध. बस्स. यासाठी डबा विकत आणायला लागत नाही. त्या मास गेनरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाच, बहुतेक डब्यांत निम्म्याहून जास्त साखरेच्या जातीचं पीठ असतं. आपल्या पश्चिम भागातल्या लाल मातीतली रताळी दिल्लीपर्यंत जातात आणि आपली पोरं त्यापेक्षा महाग पीठ पाण्यात कालवून पितात, याला काय म्हणायचं!

खाशाबा जाधवांचं उदाहरण मला या बाबतीत फार आवडतं. १९४८ ला लंडनमध्ये ते फ्लायवेटला, म्हणजे ५२ किलोत लढले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटला, ५७ किलोत, आणि कांस्यपदक. चार वर्षांत एक गट. तुझा ट्रेनर चार महिन्यांत दोन गटांच्या वेशी ओलांडायला सांगतोय.

तुझ्या उंचीला ७४ चा गट पुढं शोभेल यात शंका नाही, कदाचित तिशीत ८३ चाही. पण तिथं जायला दीड-दोन वर्षं दे. यंदा स्पर्धेपर्यंत ६४ चा ६५-साडेपासष्ट हो आणि तिथं थांब, तो ६६ मध्ये आरामात बसतो. आज ७४ मध्ये नाव घातलंस तर तुझ्यापेक्षा आठ-नऊ किलो जास्त मांस असलेल्यांपुढं उभा राहशील, आणि ती कुस्ती जोड न बघता लावल्यासारखी होईल.

आता जेवण. घर माळकरी आहे म्हणून काळजी करतोस, ती सोड. मेहनत करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागं १.६ ग्रॅमपासून प्रोटीन लागतं, तुला म्हणजे दिवसाला १०० ते ११० ग्रॅम. माळ न काढता ते कसं भरतं बघ. अर्धा लिटर दूध, १७ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर दही, सात. कोरडा मोजून शंभर ग्रॅम मसूर किंवा हरभरा, दुपार-रात्र वाटून, बावीस. आपला मसूर बारीक, साल न काढलेला, त्याची आमटी भाकरीबरोबर किती छान लागते ते मी काय सांगू. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, बारा. सोयाबीनच्या वड्या चाळीस ग्रॅम, वीस. वड्या आधी गरम पाण्यात भिजवून पिळून घ्यायला आईला सांग, नाहीतर वास येतो आणि मग दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही. चार भाकरी आणि भात मिळून तीस-बत्तीस. बेरीज एकशे दहाच्या घरात गेली. ज्या दिवशी कमी पडेल त्या दिवशी व्हे पावडरचा एक चमचा घे, ती दुधापासूनच करतात, माळेला बाधत नाही. एकादशीला मात्र साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नकोस. तिच्यात पिष्ट भरपूर आणि प्रोटीन जेमतेम, ते शेंगदाण्याच्या कुटामुळं. त्या दिवशी दूध-दही आणि भाजलेले शेंगदाणे वाढव आणि जड स्क्वॉट पुढं ढकल. विठोबा समजून घेईल.

रातपाळीचा आठवडा वेगळा धर. त्या आठवड्यात आकडे वाढवायचा हट्ट नको. वजनं दहा टक्के उतरव, सेट कमी कर आणि दिवसा खोली अंधारी करून झोप. ताकद बारखाली येत नाही, बार ठेवल्यावर झोपेत येते. फाउंड्रीत पाण्याबरोबर मीठही दे शरीराला, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत बाटलीत ठेव. भट्टीवरच्या पाळीनंतर काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसेल. ते पाणी गेलेलं असतं. त्यावरून 'बारीक झालो' म्हणून घाबरू नकोस आणि दुसऱ्या दिवशी परत आल्यावर 'फुगलो' म्हणूनही नको. वजन बघायचं ते सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही न खाता, आठवड्यातून तीनदा, आणि तिन्हींची सरासरी वहीत.

त्याच वहीत दुसरा आकडा बेंबीवरच्या कंबरेचा, टेप सैल धरून, श्वास सोडून. तुझ्या मामांमुळं हा आकडा मी वजनापेक्षा मोठा मानतो. आपल्या लोकांत चरबी आधी पोटात, आतड्यांभोवती बसते. त्यामुळं आपल्याकडं पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढं गेली की धोक्याची खूण धरतात, गोऱ्यांच्या मापापेक्षा लवकर. तू त्याच्या जवळपासही नाहीस. पण वजन दोन किलो चढलं आणि कंबर तीन सेंटिमीटर वाढली, असं दिसलं तर भाकरी अर्धी कर. वजन चढलं, कंबर जवळपास तिथंच, बार हललाय, मग डोळे झाकून खा. तीन-चार महिने वाढव, मग महिनाभर तिथंच थांब, अंगाला नवं वजन सरावाचं होऊ दे.

राहिलं सिक्स पॅकचं. तुला वाईट वाटेल, पण सांगतो. बारा महिने पोटाच्या वड्या मोजत बसणं हे ताकद वाढवणाऱ्याचं काम नाही. पुरुषाच्या अंगात चरबी फार खाली गेली की शरीर काटकसरीला लागतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं, झोप उडते, चिडचिड वाढते, सांधे कुरकुरायला लागतात आणि बार उगाचच जड वाटतो. यातलं काही ओळखीचं वाटलं का? स्टेजवरचे गडीसुद्धा तसे वर्षातून काही दिवसच दिसतात, बाकी दहा महिने ते शर्टात असतात. वरच्या दोन वड्या दिसतात, खालच्या सायीखाली गेल्यात, एवढ्यावर तू समाधान मान. स्क्वॉटला पोटात हवा भरून कंबरेच्या पट्ट्यावर दाब द्यायला थोडं भरलेलं धड उपयोगी पडतं, बेंचला तर छातीवरची जाडी बारचा प्रवासच कमी करते. मी म्हटलं होतं ना, थोडी चरबी लागते, ती यासाठी.

अपवाद आहेत. तुझ्या जिममध्ये कुणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची तयारी करत असेल, तर त्याला हा सल्ला देऊ नकोस. त्याला १.६ किलोमीटर पळायचंय आणि बारला लटकून स्वतःला वर ओढायचंय, तिथं प्रत्येक फुकटचा किलो पाठीवरच्या दगडासारखा. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशचं, म्हणजे मध्य आशियातल्या कुस्तीचं, कांस्य घेतलं, ते ५२ किलोच्या गटात. गटाच्या आत राहायचं आणि अंगात बळही हवं, हा हिशोब तिच्यासारख्या खेळाडूंना वर्षभर सांभाळावा लागतो.

व्यायामात दोनच बदल कर. सहा दिवसांचे चार कर, आणि स्क्वॉट आठवड्यातून दोनदा, एकदा पाच-पाच रेप्सचा जड, एकदा त्याच्या ऐंशी टक्क्यांवर. पाचही सेट स्वच्छ गेले तरच पुढच्या वेळी अडीच किलो. यंत्रांवरची फिरती जत्रा बंद. पोटाचे दोनशे क्रंच घालतोस असा मला संशय आहे, तेही बंद.

पावडरींपैकी क्रिएटिन घ्यायला हरकत नाही, रोज तीन ते पाच ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यानं किलोभर वजन वाढेल, ते स्नायूंत साठलेलं पाणी, त्यानं दचकू नकोस. आणि चार महिन्यांत ७६ किलो हे कुणी 'नक्की होतं' म्हणून छातीठोक सांगत असेल तर मला पुढची गोष्ट दिसते. दोन महिन्यांनी आकडा आला नाही की हळू आवाजात स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघतो. त्या दिवशी बॅग उचल आणि दुसरी जिम बघ. चोविसाव्या वर्षी स्वतःच्या ग्रंथी बंद पाडून घ्यायच्या आणि चाळिशीत डॉक्टरच्या दारात बसायचं, एवढ्या भारी किमतीचं पदक जिल्ह्यात तरी कुणी देत नाही.

स्पर्धेच्या आधी पाणी तोडून वजन उतरवायच्या भानगडीत पडू नकोस. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोवर शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, रात्रभर धडपडूनही. तिच्यापाशी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळा ताफा होता. तुझ्यापाशी तुझा मित्र आणि त्याची मोटरसायकल असणार. शिवाय पॉवरलिफ्टिंगला वजन स्पर्धा सुरू व्हायच्या दोन तास आधी घ्यायला लागतात, वाळवलेलं अंग तेवढ्यात भरून निघत नाही, आणि पहिल्याच स्क्वॉटला पोटरीत गोळा येतो. साडेपासष्ट किलोवर जा, आदल्या रात्री नेहमीसारखं जेव, फक्त शेंगा चटणी आणि लोणचं जरा हात राखून.

आईला सांगून दुधात भिजवलेल्या पिठाच्या दोन दशम्या, चार केळी आणि मिठाच्या सरबताची बाटली पिशवीत टाकून घे. काट्यावरून उतरलास की आधी सरबत, मग एक दशमी आणि दोन केळी, पहिल्या स्क्वॉटच्या तासभर आधी खाणं बंद. दुसरी दशमी बेंच आणि डेडलिफ्टच्या मधल्या वेळेसाठी ठेव, तो वेळ फार लांबतो आणि तिथं आसपास वडापावाखेरीज काही मिळत नाही.